आणि खालचे सगळे

गुलबानूंना पापलेटाची सुरमई करायची होती, एवढंच. पण त्यासाठी त्यांना मस्कतला फोन लावावा लागत असे.

मुरुडच्या किनाऱ्यामागच्या आळीत त्यांचं 'गुल मंझिल' नावाचं लॉज आहे. चार खोल्या, पुढे ओटा, मागे वाडी. या लॉजची वेबसाईट गुलबानूंच्या मुलाने, हारिसने, पनवेलला शिकत असताना बनवली होती. तयार असं काही वापरलं नव्हतं. एकेक ओळ हाताने लिहिली होती, आणि हे तो भेटेल त्याला सांगत असे. पुढे त्याला मस्कतला नोकरी लागली. तो गेला, साईट राहिली, आणि तिच्यावर 'आजची थाळी : पापलेट' हे शब्दही राहिले. पापलेट केव्हाच मोठ्या हॉटेलवाल्यांचं झालं होतं. गुल मंझिलमधे बांगडा यायचा, मांदेली यायची, नशीब असेल तर सुरमई. पाव्हणे पापलेट वाचून यायचे आणि बांगडा बघून तोंड पाडायचे.

"हारिस, पापलेट काढ. सुरमई घाल," गुलबानू फोनवर सांगत.

"अम्मी, असं काढ-घाल नसतं गं. कोडमधे जावं लागतं."

"मग जा. लांब हाय काय?"

"शुक्रवारी बघतो."

शुक्रवारी त्याला सुट्टी. पण शुक्रवारी नमाज असे, मग दोस्ताच्या खोलीवर बिर्याणी असे, आणि त्या बिर्याणीनंतर कोडमधे कोण जातो? मग पुढचा शुक्रवार. शेवटी एकदाची साईटवर सुरमई यायची, तेव्हा इथे टोपलीत कोळंबी आलेली असायची. गुलबानू पुन्हा फोन लावायच्या.

माशांचं एक वेळ ठीक. पण माडाचं काय? दोन हजार वीसच्या वादळात वाडीतला मोठा माड आडवा झाला. त्याचं सरपण झालं, सरपणाची राख झाली, त्या राखेने भांडी घासून झाली. साईटवर मात्र तो माड अजून उभा होता आणि त्याला झोपाळा बांधलेला होता. पुण्याचे कानविंदे नावाचे गृहस्थ तो झोपाळा बघून आले. झोपाळ्यात पडून वाचायला जाडजूड पुस्तकही आणलं होतं.

"झोपाळा कुठाय?" त्यांनी वाडीत उभं राहून विचारलं.

"माड पडला. त्याच्यासंगती गेला."

"पण साईटवर तर आहे!"

"मग साईटवर झोपा," गुलबानू म्हणाल्या.

कानविंद्यांनी घरी जाऊन अभिप्राय लिहिला : 'मालकीण उद्धट. बांगडा उत्तम.' बांगड्याचं कौतुक गुलबानूंना मान्य होतं, पण उद्धटपणाचं खापर त्यांनी हारिसच्या कोडवर फोडलं. "माझ्या घरात माझ्या हाताने मीठ घालता येत न्हाय, तर ते घर माझं कसलं?" त्या लेकीला, हफ्साला म्हणाल्या, आणि डोक्यावर ओढणी घेऊन तडक बाजारात सुचिताच्या कम्प्युटर क्लासमधे गेल्या.

सुचिता ही बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. तिने हारिसचं कोड उघडलं, वर-खाली केलं, पुन्हा वर केलं. मग म्हणाली, "चाची, हे हारिसदादाशिवाय कोणाच्या बापाला कळायचं न्हाय."

"मला कळायला पायजे. त्याला न्हाय."

"मग सीएमएसवर हलवू या. हारिसदादाने घर स्वतः बांधलंय, कुठली खुंटी कुठे ते त्यालाच ठाऊक. सीएमएस म्हणजे तयार घर. भिंती उभ्या, छप्पर घातलेलं. तुम्ही आपलं सामान लावायचं, वाटेल तेव्हा हलवायचं. लिहायचं आणि 'प्रकाशित करा'वर टिचकी मारायची. झालं."

"मस्कत न्हाय?"

"मस्कत न्हाय, शुक्रवार न्हाय."

गुलबानूंनी तिथल्या तिथे होकार दिला. त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर हारिसचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला.

"सीएमएस? अम्मी, मी ती साईट हाताने बनवलीय! हाताने! आणि तू रेडिमेड कपडा आणतेस?"

"तुझा हात मस्कतला, माझं पापलेट इथं."

"तुला जमणार नाही. एका दिवसात घोळ घालशील."

"घालीन की न्हाय ते बघच."

"ठीक आहे. पासवर्ड देतो. पण एक घोळ, फक्त एक घोळ झाला, की साईट परत माझ्याकडे. मग पापलेट म्हणजे पापलेट."

"कबूल. आणि घोळ झाला न्हाय तर तुझ्या त्या साईटचं परत नाव काढायचं न्हाय. हफ्सा, तू ऐकतेस ना?"

हफ्सा उर्दू शाळेत शिकवत असे. तिला भांडणं सोडवायची सवय होती, पण घरातल्या भांडणात ती साक्षीदारापलीकडे जात नसे. "ऐकलं," ती म्हणाली.

सुचिताने घर हलवायला घेतलं. फोटो आले, खोल्या आल्या. अडलं एका ठिकाणी. गुल मंझिलचा जुना कायदा असा, की ओळखीशिवाय खोली नाही. गुलबानूंचे यजमान हयात असल्यापासूनचा कायदा. म्हणून हारिसने साईटवर प्रश्न घातला होता, 'कोणाच्या ओळखीने आलात?' आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढेच सरकत नसे. जो ज्याच्या ओळखीने आला, तो हारिसच्या कोडमधे त्याच्या नावाखाली जाऊन बसे. मुंब्र्याच्या मावशीखाली तिच्या बिल्डिंगमधले, श्रीवर्धनच्या चुलतभावाखाली त्याचे दोस्त, असं. आणि ज्यांना मुरुडात कोणीच ओळखत नव्हतं, ते सगळे करमअलीखाली.

करमअली म्हणजे गुलबानूंचा धाकटा भाऊ. एसटी स्टँडसमोर त्याचं सोड्याचं दुकान. एसटीतून कोणी बॅग घेऊन उतरला, की हा बाटली फोडता फोडता विचारणार, "खोली पायजे? सांगा, करमअलीच्या ओळखीने आलो." उतरणाऱ्याचं नावही तो विचारत नसे. ओळख देणं हा त्याचा सोड्याहून मोठा धंदा होता, आणि सगळा फुकटातला.

"ही गुंतावळ सोडवायला गेले तर सगळंच सुटून येईल," सुचिता म्हणाली. "आहे तशी उचलून नव्या जागी ठेवते."

नवी साईट सुरू झाली आणि गुलबानूंच्या हाताला खाज सुटली. सकाळी टोपली आली की त्या साईटवर सुरमई लिहायच्या, दुपारी सुरमई संपली की बांगडा, संध्याकाळी 'जे असेल ते'. माड त्यांनी स्वतःच्या हाताने काढला. त्या जागी लिहिलं, 'माड पडलेला आहे. झोपाळा मागू नये.' मग त्यांना गोडीच लागली. 'ओला टॉवेल गादीवर टाकणाऱ्याने पुढच्या वेळी दुसरं लॉज बघावं.' 'मासा ताजा आहे का, हे विचारणाऱ्याला अंडं मिळेल.' सुचिताने कपाळावर हात मारला, पण गंमत म्हणजे लोकांना हे आवडायला लागलं. खोल्या भरायला लागल्या.

मस्कतला फोन लावायचं मात्र कारणच उरलं नाही. मग हारिसच फोन करायचा.

"अम्मी, साईट कशी आहे? काही अडलं का?"

"काय बी न्हाय."

"फोटो बरोबर दिसतात? फॉन्ट वगैरे?"

"तो काय असतो?"

"काही नाही. म्हणजे काही अडलंच नाही?"

"सांगितलं ना, न्हाय! मला कामं हायत, ठेवते."

"बरं," हारिस म्हणायचा. घोळ होत नाही म्हणून पोरगा जळतोय, असं गुलबानूंना वाटे, आणि त्या आनंदात त्यांना दोन घास जास्त जात.

अशात हफ्साचं ठरलं. मुलगा श्रीवर्धनचा, घराणं तालेवार, व्याही मानापानाचे. जानेवारीतल्या एका रविवारी निकाह आणि दुपारी दावत. मोहल्ल्यातली आवतणं घरोघर जाऊन द्यायची होती, पण मुंब्रा, महाड, कुवेतपर्यंत पांगलेल्या नातेवाइकांचं काय? गुलबानूंच्या मनात आलं, ही सगळी माणसं साईटवर आहेतच की. ओळखी त्यांच्याच नावाने तर दिल्या जातात! सुचिताला विचारायचीही गरज त्यांना वाटली नाही. त्यांनी चष्मा लावला आणि लिहिलं :

'आमची हफ्सा हिचा निकाह ठरला आहे. दावत चूलबंद आहे. त्या दिवशी कोणी घरी चूल पेटवू नये. लहान, मोठे, म्हातारे सगळ्यांनी यावे. न आल्यास मी लक्षात ठेवीन.'

आता पाठवायचं कोणाला? मशीनने नावं दाखवली. प्रत्येक नावापुढे दोन चौकोन होते. एक, 'फक्त हे'. दुसरा, 'हे आणि खालचे सगळे'.

मुरुडात दावतीचं आवतण दोन तऱ्हेचं असतं. एक नुसतं, म्हणजे घरातल्या एका माणसाने यायचं. दुसरं चूलबंद, म्हणजे अख्खं घर कुलूप लावून यायचं. भावाच्या घरी नुसतं आवतण गेलं तर तो भाऊ परत आयुष्यात तोंड दाखवत नाही. गुलबानूंच्या एका चुलत्याने असल्याच कारणावरून मरेपर्यंत त्यांच्या घरचा चहा घेतला नव्हता. मग करमअलीला काय 'फक्त हे' बोलावणार? त्याची बायको, पोरं, सुना काय घरी पापड भाजत बसतील? मशीनलासुद्धा रीत कळते, याचं गुलबानूंना मोठं कौतुक वाटलं. त्यांनी करमअलीपुढे 'हे आणि खालचे सगळे' टिचकवलं. मावशीपुढे टिचकवलं. चुलतभावापुढे टिचकवलं. एकही नाव सोडलं नाही. मग बिस्मिल्ला म्हणून 'प्रकाशित करा' दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन नाशिकहून आला.

"काकू, अभिनंदन! आम्ही नक्की येतोय. आमच्या हास्यक्लबचे सगळे येतायत. चूलबंद म्हणजे गॅससुद्धा बंद ठेवायचा का हो?"

"कोण बोलतंय?"

"अहो, आम्ही नाही का, दोन वर्षांपूर्वी आलो होतो! करमअलींच्या ओळखीने!"

गुलबानूंनी फोन ठेवला तर दुसरा वाजला. ठाण्याचं एक कुटुंब होतं, त्यांना नातवाला आणलं तर चालेल का ते विचारायचं होतं. तिसरा कोणी ट्रेकिंगवाला होता, त्याचा ग्रुप गडावरून उतरून थेट दावतीला येणार होता. तेवढ्यात सुचिता धापा टाकत ओट्यावर चढली.

"चाची, तुम्ही कोणाला पाठवलंत?"

"घरच्यांना."

"घरच्यांना न्हाय! 'खालचे सगळे' म्हणजे ओळखीने आलेले सगळे पाव्हणे! आजपर्यंत इथे जेवून गेलेला एकेक माणूस! एकट्या करमअलीमामूंच्या खाली गावजत्रा हाय!"

गुलबानू खुर्चीत बसल्या. आपण काय करून बसलो ते त्यांना लख्ख कळलं. हफ्सा आतून येऊन दारात उभी राहिली.

"काळजी नको," सुचिता म्हणाली, "दुसरं पत्र पाठवू. निमंत्रण चुकून गेलं, क्षमस्व. झालं."

"दिलेलं आवतण मागं घ्यायचं? पोरीच्या लग्नात?"

"मग इतक्या लोकांना जेवायला घालणार?"

"आणि चुकून गेलं म्हणून लिहिलं तर ते पहिलं कोण वाचंल? हारिस." गुलबानू उठल्या. "साईट गेली मग. परत शुक्रवार, परत पापलेट. न्हाय! घोळ झालेलाच न्हाय. मी बोलावलंय."

"अम्मी," हफ्सा म्हणाली, "तू चुकलीस."

"तू नवरी हायस. नवरी बोलत न्हाय."

दुपारी अपेक्षेप्रमाणे मस्कतचा फोन आला.

"अम्मी, मला माझ्याच बहिणीच्या लग्नाचं आवतण आलंय. 'टेस्ट टेस्ट' या नावाने."

"कोण तो?"

"मीच. साईट बनवताना तपासायला खोटं बुकिंग केलं होतं. तू कोणाकोणाला पाठवलंस?"

"माझ्या घरचं मीठ ज्यानं खाल्लंय त्या सगळ्यांना."

"चुकून?"

"मुद्दाम."

हारिस म्हणाला, "बरं. दोन दिवस आधी येतो. बघतो."

त्या 'बघतो'ने गुलबानूंचं डोकं फिरलं. त्यांनी साईट उघडली आणि खुलासा टाकला : 'निमंत्रण चुकून गेलेले नाही. ज्याला यायचं नाही त्याने येऊ नये, पण चुकून आलं असं म्हणू नये.' हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. कारण निम्म्या लोकांनी पहिलं पत्र फसवणुकीचं समजून सोडून दिलं होतं. हा खुलासा वाचल्यावर त्यांची खात्री पटली, की ही बाई खरी आहे आणि दावतही खरी आहे. फोन दुपटीने वाजायला लागले.

पुढचं मग आपोआप होत गेलं. बातमी श्रीवर्धनला पोचली. व्याह्यांचा फोन आला.

"आपा, ऐकलं पुण्या-नाशिकवरून मेहमान येतायत म्हणं?"

"येतायत."

"किती?"

"येतील तितके."

व्याही मानापानाचे. मुलीकडच्यांचे पाव्हणे जास्त आणि मुलाकडचे कमी, हे त्यांना कसं सोसणार? त्यांनीही श्रीवर्धनातली आपली दूरदूरची सोयरीक आठवून आठवून वऱ्हाड फुगवलं. बावर्ची मटणाच्या देगा, ती मोठाली पातेली, वाढवून थकला. पाव्हण्यांतले कितीक जण मटण खाणारे नव्हते, म्हणून गुल मंझिलच्या स्वयंपाकघरातल्या कृष्णाबाईंनी कडव्या वालांना मोड आणायला घेतले. करमअली दुकान बंद करून बहिणीकडे आला.

"आपा, लोक मला फोन करतायत. म्हणतात, तुमच्या ओळखीने येतोय. मी एकालाबी वळखत न्हाय!"

"ओळख देताना लाज न्हाय वाटली? आता मांडवाच्या तोंडावर उभा राहायचं आणि एकेकाला गळ्यात घ्यायचं."

"पण वळखत न्हाय तर..."

"आता वळखायचं!"

हारिस आला. त्याने साईटचा विषय काढला नाही. तो नुसता आईच्या मागेमागे फिरत होता, खुर्च्या उचलत होता, देगा मोजत होता. त्याचं ते न बोलणं गुलबानूंना टोचत होतं. आपण कुठे घसरतो याची हा वाट बघतोय, दुसरं काय?

रविवारी सकाळपासून आळीत गाड्या शिरायला लागल्या. शाळेच्या पटांगणात मांडव होता. तोंडावर करमअली शेरवानी घालून उभा होता आणि आलेला प्रत्येक जण त्याला म्हणत होता, "आम्ही करमअलींच्या ओळखीने." तो "या, या, किती दिवसांनी!" म्हणून मिठी मारत होता. हास्यक्लबवाल्यांनी त्याला मिठीत घेऊन हसायची प्रात्यक्षिकं दाखवली. ट्रेकिंगवाले पाठीवरच्या पिशव्यांसकट पहिल्या पंगतीला बसले. निकाह वेळेवर झाला. हफ्सा शाळेच्या एका खोलीत 'कबूल' म्हणाली तेव्हा गुलबानू तेवढ्या क्षणापुरत्या सगळं विसरून रडल्या.

आणि मग कानविंदे आले. गाडीच्या मागच्या सीटवर त्यांनी पट्टा लावून माडाचं रोप बसवलं होतं.

"पत्र बघून मला वाटलं फसवणूक आहे," ते म्हणाले. "मग तुमचा तो खुलासा वाचला. म्हटलं, ही बाई तीच. हे घ्या, पडलेल्या माडाच्या जागी लावा."

"झोपाळा कधी मिळंल इचारू नका," गुलबानू म्हणाल्या, पण रोप त्यांनी स्वतःच्या हातांनी गाडीतून उतरवून घेतलं.

तेवढ्यात बावर्ची पळीसकट धावत आला. "चाची, शेवटच्या देगेचा तळ दिसाया लागला. आणि बाहेर अजून एवढी माणसं हायत!"

दारातला पाव्हणा उपाशी परत जाणार, तोही लेकीच्या दावतीतून, आणि तेही व्याह्यांच्या डोळ्यांदेखत. व्याही लांबून बघत होतेच. हारिसही बघत होता. आता एक शब्द, 'चुकलं', आणि सगळं संपणार होतं. साईट जाणार होती, पण त्याआधी नाक जाणार होतं.

त्या तरातरा चालत मांडवाच्या टोकाला गेल्या आणि घोषणा करणाऱ्याच्या हातातून माईक काढून घेतला.

"मोहल्ल्यातल्या बायांनो, ऐका! आज तुमच्या चुली बंद हायत. मीच बंद करायला सांगितल्या. आता मीच सांगते, पेटवा! ज्याच्या घरात जे असंल ते शिजवा. पाव्हणे मांडवात मावत न्हायत, ते घराघरांत बसतील."

चूलबंद दावतीत चुली पेटवायला सांगणारी बाई मुरुडात याआधी झाली नव्हती. मग मागच्या रांगेतली एक म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चल गं," ती सुनेला म्हणाली, "भात टाक. मी कोळंबी सोलते." तिच्यामागून दुसरी उठली, मग सगळ्याच. बघता बघता आळीतल्या प्रत्येक घरातून फोडणीचा वास यायला लागला.

बायांनी पातेली मांडवात आणलीच नाहीत. त्यांनी दारात उभं राहून पाव्हणेच आत ओढले. "चार इकडं द्या गं!" "माझ्याकडं सहा बसतील!" कोणाकडे सुकट आणि तांदळाची भाकरी झाली, कोणाकडे अंड्याचा रस्सा. मटण-मासळी न खाणारे कृष्णाबाईंच्या हवाली झाले आणि वालाच्या बिरड्यावर तुटून पडले. हास्यक्लबच्या बायका एका घरात भाकऱ्या थापायलाच बसल्या. कानविंदे तर तीन घरी जेवले. प्रत्येक दारात त्यांना विचारणा झाली, "कोणाच्या ओळखीने?" आणि प्रत्येक दारात त्यांनी करमअलीचं नाव सांगितलं.

एकही माणूस उपाशी गेला नाही. निरोपाच्या वेळी व्याह्यांनी गुलबानूंचे दोन्ही हात धरले. "आपा, आमच्याकडं दावत एका मांडवात होते. तुमच्याकडं अख्ख्या मोहल्ल्यात होते. हे आम्हाला न्हाय जमायचं."

"रीतच हाय आमची," गुलबानू म्हणाल्या. रीत दोन तासांपूर्वी जन्माला आली होती, पण त्यांच्या आवाजात शेकडो वर्षांची वाटली.

संध्याकाळी हफ्सा श्रीवर्धनला गेली. घर एकदम रिकामं झालं. ओट्यावर गुलबानू आणि हारिस दोघेच उरले.

"अम्मी, आता तरी सांग," हारिस म्हणाला. "'खालचे सगळे'वर टिचकी चुकून मारलीस ना?"

"मुद्दाम मारली."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तो 'टेस्ट टेस्ट' मामूंच्या खाली आहे. त्याला पत्र आलं म्हणजे तू काय दाबलंस ते कळायला किती वेळ लागतो?"

गुलबानूंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "मग बोललास का न्हाय? साईट मिळाली असती तुला परत."

हारिस पायाने ओट्यावरची वाळू सरकवत राहिला. "साईट काय करू घेऊन? तिकडे ऑफिसात मी दिवसभर हेच करतो. सीएमएस. हाताने आता कोण लिहितं?"

"मग एवढा भांडलास कशाला रे माझ्याशी?"

"पापलेट बदलायला का होईना, तुझा फोन यायचा," हारिस म्हणाला. "नवी साईट आली आणि तो बंद झाला. मी केला तर म्हणायचीस, कामं हायत, ठेवते."

गुलबानूंना भरून आलं, आणि भरून आलं याचाच राग आला. ज्या पोराला त्या महिनोन् महिने शत्रुपक्षात धरून बसल्या होत्या, तो तिकडे नुसता फोनची वाट बघत होता.

"आईला फोन करायला पापलेट लागतं होय रे, गाढवा?"

"आपल्या घरात लागतं."

गुलबानूंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

हारिस मस्कतला परत गेला. वाडीत कानविंद्यांच्या रोपाने नवं पान काढलं. पुढे एका शुक्रवारी सुचिता सहज डोकावली, तर टोपलीत लखलखीत सुरमई होती, ओट्यावर दोन पाव्हणे भुकेने ताटकळत होते, आणि साईटवर ठळक अक्षरात होतं : 'आजची थाळी : पापलेट'.

"चाची, हे काय! काल तर बांगडा होता. पापलेट कोणी लिहिलं?"

"मी लिहिलं."

"पण पापलेट कुठंय? थांबा, मी बदलते. दोन टिचक्यांचं काम."

"हात लावू नको!" गुलबानू ओरडल्या आणि त्यांनी फोन लावला. "हारिस? पापलेट काढ. सुरमई घाल."

"अम्मी, ते तुला येतं की आता."

"येतं. पण मी करणार न्हाय."

"मग शुक्रवारी बघतो," हारिस म्हणाला. तो हसतोय हे फोनमधूनही कळत होतं.

"आज शुक्रवारच हाय."

"मग पुढच्या शुक्रवारी."

"बरं. जेवलास का? काय खाल्लंस?" गुलबानूंनी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसल्या. मस्कतची बिर्याणी, तिथलं ऊन, हफ्साची सासू, सगळं बोलून होईपर्यंत तवा दोनदा तापून निवला.

शेवटी ओट्यावरच्या पाव्हण्याला राहवलं नाही. "काकू, साईटवर तर पापलेट आहे ना?"

"हाय," गुलबानू फोनवर हात ठेवून म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारपर्यंत राहील."